वाट बघणारा नायक : नट अमोल पालेकर ते दिग्दर्शक अमोल पालेकर

साहित्य मंडळाच्या अंकात सिनेमावर लेख कशाला, असं काही जण विचारतील. विचारा. पण आधी ही नावं वाचा : व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी, चिं. त्र्यं. खानोलकर, विजय तेंडुलकर, सुरेंद्र वर्मा, विजयदान देथा. या सगळ्यांचं लेखन एकाच माणसाने पडद्यावर आणलं, आणि तो माणूस आपल्या आई-वडिलांच्या पिढीला 'गोलमाल'मधला मिशीवाला आणि बिनमिशीवाला म्हणून ठाऊक आहे. अमोल पालेकरांच्या वाटचालीचा अभ्यास आपल्याला उपयोगी पडतो तो यासाठी. कथा वाचणं आणि कथा दाखवणं यात काय फरक पडतो, हे त्यांच्या कामात चांगलं दिसतं.

थोडी माहिती आधी उरकून घेऊ. जन्म २४ नोव्हेंबर १९४४. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे मुळात चित्रकार. पोटासाठी बँक ऑफ इंडियात नोकरी. सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली नाटक शिकले, दुबेंच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) या मराठी चित्रपटात पडद्यावर आले, आणि १९७२ मध्ये 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. त्यामुळे 'नट होते, मग दिग्दर्शक झाले' असं जे सरसकट म्हटलं जातं ते अर्धंच खरं आहे. हिंदी पडद्यावर नाव होण्याआधीच ते नाटकाचे दिग्दर्शक होते. सिनेमाने त्यांना नट केलं, आणि तो नट पुढे सिनेमाच्या दिग्दर्शनाला फार उपयोगी पडला. कसा, ते बघू.

१९७४ चा 'रजनीगंधा' घ्या. बासू चटर्जींचा चित्रपट, मन्नू भंडारींच्या कथेवरचा. दिल्लीत राहणारी दीपा आणि तिचा संजय. हा संजय म्हणजे पालेकर. भेटायला उशिरा येणार, आला की ऑफिसातली बढती नि राजकारण सांगत बसणार, आणि येताना निशिगंधाची फुलं आणणार. मुलाखतीसाठी दीपा मुंबईला जाते, तिथे तिला जुना मित्र नवीन भेटतो आणि तिचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. या सगळ्या ओढाताणीचा संजयला पत्ताच नाही. तो दिल्लीत आहे. चित्रपट दीपाच्या मनात चालतो, नायक बाहेर उभा आहे. त्या काळच्या हिंदी सिनेमात अशी भूमिका घ्यायला धाडसच लागत असेल, कारण नायकाने करण्यासारखं यात काहीच नाही!

पुढे 'छोटी सी बात'मधला अरुण तर बोलायलाच घाबरतो. आवडत्या मुलीशी दोन शब्द कसे बोलावेत हे शिकायला त्याला खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे जावं लागतं. लोकांना हा साधा, बसच्या रांगेत उभा राहणारा नायक फार आवडला. १९७९ च्या 'गोलमाल'साठी पालेकरांना फिल्मफेअरचा उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. याच काळात त्यांनी श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त (१९७७) बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा केशव दळवीही केला, हे मात्र आपण विसरतो. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरचा हा चित्रपट. तिथेही गोष्ट बाईची आहे, आणि पालेकर तिच्या वाटेत उभे आहेत. त्याच वर्षी एम. एस. सथ्यू यांच्या 'कन्नेश्वर राम' या कन्नड चित्रपटातही ते होते, अनंत नाग यांच्यासोबत.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिग्दर्शक पालेकर घडला तो या जागेवर उभं राहून. निवड ती करते, हा बाहेर थांबून बघतो. नट म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं ती बाहेरची जागा भोगली. दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी कॅमेरा आतल्या बाजूला नेला, जिथे ती बाई ठरवत असते, किंवा तिला ठरवू दिलं जात नसतं.

पहिलाच चित्रपट 'आक्रीत' (१९८१). पटकथा तेंडुलकरांची, आधार मानवतच्या हत्याकांडाचा. मानवत आपल्याला काही लांब नाही. बीदरहून उदगीर, परळी करत गाडीने परभणी गाठली की पुढे मानवत रोड स्टेशन येतं. १९७२ ते ७४ या काळात तिथे बायका आणि लहान मुलींचे खून झाले, गुप्तधन आणि नवसापोटी. मराठवाड्यातली जुनी माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. लोकांचा लाडका, गरीब चेहऱ्याचा नायक आता दिग्दर्शक होतो, आणि पहिल्याच चित्रपटात मुकुटराव ही काळी भूमिका स्वतःच करतो. प्रेक्षकाला ज्या चेहऱ्यावर विश्वास आहे तोच चेहरा त्याने गुन्हेगाराला दिला. नट असल्याचा याहून चांगला उपयोग मला सांगता येणार नाही.

'अनकही' (१९८५) खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावर. ज्योतिषी वडिलांचं भाकीत असं, की मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचं प्रेम दुसरीवर. मग काय, आधी एका भोळ्या खेडवळ मुलीशी लग्न करायचं, भाकीत तिच्यावर निभावलं की मोकळे! शिकलेसवरलेले लोक शांतपणे बसून एका मुलीच्या जिवाचा हिशेब मांडतात, आणि तिला विचारतं कोण? तो हिशेब करणारा मुलगा पुन्हा स्वतः पालेकर. (या चित्रपटासाठी संगीतकार जयदेव आणि गायक पंडित भीमसेन जोशी, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. भीमसेनजी आपल्या गदगचे, म्हणून सांगितलं.)

दूरदर्शनवरची 'कच्ची धूप' (१९८७) आणि दुष्काळी गावात पाऊस आणतो म्हणून येणाऱ्या माणसाची 'थोडासा रूमानी हो जायें' (१९९०) ही गोष्ट, यांवर इथे थांबत नाही. नाना पाटेकर आवडणाऱ्यांनी दुसरा जरूर बघावा. संवाद बरेचसे पद्यात आहेत, तरी कंटाळा येत नाही.

आता 'बनगरवाडी' (१९९५). माझी मांडणी इथे बसत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. यात निवड करणारी नायिका नाही. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा भरवतो, लोकांना धरून तालीम बांधतो, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी रिकामी करतो. पण कादंबरी वाचून मग चित्रपट बघितला तर एक गोष्ट लक्षात येईल. मास्तर इथे कर्तबगार नायक नाही, तो बघणारा आहे. पटकथा माडगूळकरांचीच, आणि पालेकरांनी मास्तरला माळावर बराच वेळ नुसता उभा केला आहे. संजयचा तो चुलतभाऊच म्हणा. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. औराद-भालकीकडच्या मुलांना तो माळ, ती उन्हं नि पावसाची वाट बघणं कुणी समजावून द्यायची गरज नाही.

लगेच पुढच्या वर्षी हिंदीत 'दायरा'. बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, आणि अत्याचारानंतर जीव वाचवायला पुरुषी कपडे घालणारी मुलगी. निर्मल पांडे आणि सोनाली कुलकर्णी. फ्रान्समधल्या एका महोत्सवात निर्मल पांडेंना चक्क उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला गेला. कपडे बदलले की जग माणसाशी कसं वागतं, हे नटाला आतून ठाऊक असतं. हा चित्रपट नट नसलेल्या दिग्दर्शकाला असा जमला असता का, याची मला शंका आहे.

मग 'कैरी' (२०००). इथे मात्र सावकाश जाऊ, कारण हा आपल्या राज्यातला लेखक आहे. जी. एं.चा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. धारवाडच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि बाहेर कन्नड ऐकत घरी मराठी कथा लिहिल्या. आपल्यालाही हे नवीन नाही : घरात मराठी, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी. 'कैरी' ही कथा 'पिंगळावेळ' संग्रहात आहे. पोरकं मूल तानीमावशीच्या घरी राहायला येतं. मावशीचा संसार म्हणजे रोजचा अपमान. त्या घरात मावशीच्या हाती स्वतःसाठी काही ठरवणं उरलेलं नाही, पण या लेकराने शिकावं, इथून निघावं, एवढं ती ठरवते. चित्रपटात ते मूल मुलगी आहे. जी. एं.च्या कथेत नियती फार जड असते. पालेकरांनी तो जडपणा थोडा हलका केला, प्रकाश जास्त घेतला. जी. एं.च्या कट्टर वाचकांना हे रुचणार नाही. मला स्वतःला कथा मोठी वाटते, पण मावशीच्या आशेला चित्रपटात जी जागा मिळाली ती खोटी वाटत नाही.

'ध्यासपर्व' (२००१) र. धों. कर्व्यांवर. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. या कामामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. ते मिशनचं कॉलेज होतं, आपल्यासारखंच, म्हणून आपण हे टाळून पुढे जाऊ नये. मासिकावर खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. पडद्यावर किशोर कदम कर्वे झाले आणि सीमा बिस्वास मालतीबाई. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांचा होता, आणि बघताना माझं लक्ष मालतीबाईंवरच राहिलं.

'अनाहत' (२००३) सुरेंद्र वर्मांच्या नाटकावर, चित्रीकरण आपल्या हंपीत. राजा अनंत नाग, राणी सोनाली बेंद्रे. वारस नाही म्हणून राणीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायला सांगितलं जातं. ती कर्तव्य म्हणून जाते, आणि पहाटे वेगळीच बाई परत येते. राजा रात्रभर जागा, वाट बघतोय. 'रजनीगंधा'ला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती, पण नायक अजून तिथेच थांबलेला आहे बघा. फरक इतकाच, की आता त्याला काय चाललंय ते ठाऊक आहे.

'पहेली' (२००५) शाहरुख खानमुळे सगळ्यांनी पाहिलाय. भारतातर्फे ऑस्करला पाठवलेला हा चित्रपट देथांच्या 'दुविधा' कथेवरचा. नवरा व्यापारासाठी पाच वर्षं बाहेर, आणि त्याचं रूप घेऊन भूत घरी येतं. पण ते नवरीला खरं काय ते सांगून टाकतं. आता ठरव तू. मणी कौल यांनी १९७३ मध्ये याच कथेवर 'दुविधा' केला होता. तिथे, मूळ कथेसारखंच, भूत पिशवीत बंद होतं आणि बाई गप्प राहते. पालेकरांनी शेवट फिरवला. त्यांचं भूत सुटतं, आणि तिने निवडलेला तिला मिळतो. काहींना ही धंद्यासाठी केलेली तडजोड वाटते. मला वाटत नाही. 'आक्रीत'पासून पालेकर ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, त्यात एकदा तरी बाईची निवड वाया जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. तुमचं मत वेगळं असेल तर मंडळाच्या बैठकीत जरूर मांडा, पण आधी देथांची कथा वाचून या, हिंदी अनुवादात मिळते.

नाटकावर 'वासनाकांड'च्या वेळी आलेल्या बंदीविरुद्ध पालेकर तरुणपणी लढले, आणि २०१७ मध्ये चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये त्यांचं आत्मकथन 'ऐवज' मराठीत आलं. ज्यांना या लेखातली माझी मांडणी तपासून बघायची असेल, त्यांनी आधी 'रजनीगंधा' आणि 'अनाहत' लागोपाठच्या दोन संध्याकाळी बघावेत, 'ऐवज' त्यानंतर उघडावं.