नव्या गाडीचा गॅप: आधी कारण, मग पाना

दोन दारांची नवी स्पोर्ट्‌स कार. शोरूमच्या झगमगाटात समोरून पाहिलं तर नाव ठेवायला जागा नाही. पण मागच्या दिव्यांच्या उंचीवर उकिडवं बसून डाव्या अंगाने नजर टाकली, की दाराची कड आणि मागच्या पॅनलची कड समांतर जात नव्हती. फट वर अरुंद, खाली रुंद. दारावरून मागे जाणारी उठावाची रेघ पॅनलपाशी येऊन किंचित खाली उतरलेली. बॉनेटची डावी कडही फेंडरच्या वर राहिलेली. एवढ्या महागाची गाडी घेताना असं दिसलं तर काय करायचं, हे मला या व्यवहाराने शिकवलं. ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

भोसरीत माझं टूलरूम आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. म्हणून तपासणीला जाताना ड्रिलचा संच सोबत नेला होता. ड्रिलची गुळगुळीत दांडी फटीत सरकवून गॅप मोजता येतो. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून तिच्यावर टेपचा एक वेढा द्यायचा. डाव्या दाराच्या मागच्या फटीत वरच्या बाजूला साडेतीन मिलिमीटरची दांडी घट्ट जात होती, तर खाली पाचाची सैल फिरत होती. उजव्या दाराला मात्र वरपासून खालपर्यंत चाराची दांडी एकसारखी सरकली. फोटो काढले, आकडे कागदावर लिहिले आणि सेल्सच्या माणसापुढे ठेवले.

त्याची उत्तरं अशी होती: “साहेब, या गाड्या कमी संख्येने बनतात, उन्नीस-बीस चालायचंच.” “टॉलरन्समध्ये आहे.” आणि शेवटी, “थोडी चालवली की बसेल.”

ही उत्तरं तुम्हालाही मिळतील, म्हणून प्रत्येकाचा विचार करून ठेवा. कमी संख्येने बनणाऱ्या गाड्यांत गॅप थोडे मोठे असू शकतात, हे खरं. पण मग ते दोन्ही बाजूंना सारखेच मोठे हवेत. टॉलरन्स म्हणजे ठरलेला आकडा असतो, आणि बॉडी दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये गॅप व पातळीची मापं दिलेली असतात. ते पान दाखवा म्हणावं. आणि चालवून पॅनल बसत नाहीत. बिजागरीचे बोल्ट जिथे आवळले तिथेच दार राहतं. हललंच तर ते आणखी खाली येईल, जागेवर जाणार नाही.

उन्हाचं कारणही पुढे केलं जातं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मीटरभर लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल ४० अंशांनी तापलं तर साधारण ०.९ मिलिमीटरने वाढतं. प्लॅस्टिकचा बंपर त्याहून जास्त. म्हणून मोजमाप सावलीत, गाडी थंड असताना आणि सपाट फरशीवर उभी करून घ्यावं. पण सावलीत उभ्या असलेल्या गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा वेगळी तापत नाही. दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा फरक डिझाइनचा किंवा तापमानाचा असू शकतो. एकाच बाजूला दिसणारा, वर-खाली बदलत जाणारा फरक जोडणीचा असतो. तपासणीतलं सर्वांत महत्त्वाचं सूत्र हेच.

मी कारण लेखी मागितलं. उत्तर यायच्या आधीच वर्कशॉपने दार परस्पर ‘सेट’ करून ठेवलं. पुन्हा पाहायला गेलो तर बंद दाराचा गॅप बराच सरळ दिसत होता आणि सगळे खुशीत होते. मी दार अगदी सावकाश उघडलं. लॉक सुटताक्षणी दाराची मागची कड खाली उतरली. बंद करताना ती पुन्हा वर उचलली गेली.

म्हणजे या ‘सेटिंग’मध्ये बिजागरीला कुणी हातच लावला नव्हता. खांबावर जो दणकट आकडा असतो, ज्याला दाराचं लॉक येऊन पकडतं, तो स्ट्रायकर वर सरकवला होता. लोंबणारं दार दर वेळी त्याच्यावर आपटून वर चढत होतं. अशाने लॉक झिजतं. शिवाय या गाडीच्या काचेला चौकट नाही. दार उघडताना काच थोडी खाली जाते आणि मिटल्यावर वर जाऊन रबरात बसते. दार वाकडं टांगलेलं असेल तर काच रबरावर सारखी टेकत नाही. पाइपने पाणी मारून पाहिलं, तर आरशाजवळच्या कोपऱ्यातून आत थेंब आले. त्या दिवशी मी एकच वाक्य लिहून दिलं: कारण लेखी कळेपर्यंत गाडीला पाना लावू नये.

कारण शोधणं अवघड नव्हतं. दार पूर्ण उघडून बिजागरीच्या बोल्टांवर टॉर्च मारला. उजव्या बाजूला बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग अखंड होता, डाव्या बाजूला कडा खरवडलेल्या. म्हणजे तिथे आधी पाना लागला होता. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर आणवलं. दार आणि उजवा फेंडर ११० ते १३० मायक्रॉन. डावा फेंडर २८० च्या आसपास. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो. मात्र जास्त आकडा हा एकटा पुरावा मानू नये, कारण कारखान्यातही एखादं पॅनल पुन्हा रंगवून पाठवलं जातं. आकडा, खरवडलेला बोल्ट आणि वाकडा गॅप हे तिन्ही एकाच कोपऱ्यात सापडले, की प्रश्न विचारायलाच हवा.

इथे एक काळजी घ्या. स्वस्तातली काही मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतात. स्पोर्ट्‌स कारमध्ये अ‍ॅल्युमिनियम, कार्बन फायबर, फायबरग्लास असं बरंच काही असतं. शेव्हरोले कॉर्व्हेट तर १९५३ पासून फायबरग्लासच्या बॉडीसाठीच ओळखली जाते. अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं मीटर वेगळं आणि फायबरसाठी अल्ट्रासॉनिक वेगळं. आपल्या गाडीचं कोणतं पॅनल कशाचं आहे, हे आधी विचारून घ्या.

लेखी पाठपुराव्यानंतर उत्तर आलं. वाहतुकीत डाव्या फेंडरला मार लागला होता. तो उतरवून, रंगवून, पुन्हा बसवला होता. त्याच कामात दाराची बिजागरीही ढिली केली गेली. हे मला आपणहून सांगायला हवं होतं. नवी म्हणून पूर्ण पैसे घेतलेल्या गाडीचा इतिहास लपवणं हा फटीपेक्षा कितीतरी मोठा दोष आहे, आणि गाड्या विकणाऱ्या प्रत्येकाला हे ठणकावून सांगितलं पाहिजे.

मग दुरुस्ती रीतसर झाली. तिचा क्रम प्रत्येक ग्राहकाला माहीत असावा. मागचं पॅनल सहसा बॉडीला वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून सुरुवात तिथून होते आणि काम मागून पुढे येतं. आधी स्ट्रायकर काढून दार मोकळं लटकू द्यायचं आणि बिजागरीवर मागच्या पॅनलशी जुळवायचं. मग स्ट्रायकर लावायचा. मग दाराशी फेंडर, फेंडरशी बॉनेट आणि शेवटी बंपर. बॉनेटची उंची बिजागरी, लॉक आणि खालचे रबरी बफर मिळून ठरवतात. बंपर काढला असेल तर त्यामागच्या रडार-सेन्सरचं कॅलिब्रेशन झालं का, ते विचारा. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनलला कंपनीने सांगितलेलेच बोल्ट हवेत. साधा पोलादी बोल्ट थेट टेकला तर दोन धातूंच्या सांध्यात पाणी शिरून अ‍ॅल्युमिनियम खात जातं. मला फेंडर नवा मिळाला, आणि झालेल्या कामाची नोंद व रंगाची हमी कंपनीच्या कागदावर मिळाली.

आता गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी.

तपासणी नोंदणीच्या आधी करा. फॉर्म २० वर सही आणि रोड टॅक्सचा भरणा होण्यापूर्वी तुमच्या हातात बरंच काही असतं. गाडी तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं फार कठीण होतं. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे आणि घरचे सगळे सोबत असताना तपासणी नीट होत नाही, म्हणून ती वेगळ्या दिवशी, दिवसाउजेडी करा. दोष दिसलाच, तर डिलिव्हरीच्या कागदावर तो लिहूनच सही करा. वॉरंटीच्या पुस्तकात ‘अ‍ॅडजस्टमेंट’ची मुदत वेगळी आहे का ते पाहा, काही कंपन्या पॅनल जुळवण्याचं काम सुरुवातीच्या थोड्या काळापुरतंच फुकट करतात.

तोंडी आश्वासनावर थांबू नका. प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी ईमेल करा, डीलरला आणि कंपनीला दोघांनाही. गोव्यातल्या एका प्रकरणात जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकली गेली होती. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण डीलरच्या त्या कृतीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. तुमचा ईमेल कंपनीपर्यंत गेलेला असला, की निदान त्यानंतर आपल्याला काही माहीत नव्हतं असं तिला म्हणता येत नाही.

तरीही दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढची पायरी ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानुसार दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं किंवा पैसे परत करणं असे आदेश आयोग देऊ शकतो, आणि गरज पडल्यास तांत्रिक तपासणीही करवून घेतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं. माझ्यासारख्या धंदेवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: गाडी फर्मच्या नावावर घेतली तर ती व्यावसायिक कामासाठी होती, असा आक्षेप समोरून पहिल्यांदा येतो.

हे सगळं करताना वर्कशॉपमधल्या कारागिराशी भांडू नका. माझं दार नीट बसवलं ते तिथल्याच एका जुन्या मिस्त्रीने. त्याला पुरेसा वेळ आणि योग्य क्रमाने काम करायची मुभा मिळाली एवढंच. घाई वरून येते, ‘आज डिलिव्हरी झालीच पाहिजे’ म्हणणाऱ्यांकडून. ती घाई रोखणं फक्त ग्राहकाच्या हातात आहे. म्हणून उरलेली रक्कम भरण्याआधी तीन गोष्टी मागा: दोन्ही बाजूंची मापं, फरकाचं लेखी कारण आणि गाडीवर आधी झालेल्या कामाची नोंद. या तीन कागदांना जो डीलर नकार देतो, त्याच्याकडची गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका.