जुन्या जीपला जादा दिवे

प्रश्न : माझी जुनी डिझेल जीप आहे. संत्र्याच्या हंगामात रात्री पांढुर्ण्याहून सौसरला जावं लागतं, म्हणून पुढे ५५ वॅटचे दोन स्पॉट लाइट बसवले. हेडलाइटच्या स्विचमधूनच जोड घेतलाय. स्विच तापतो, फ्यूज उडतो. मोठा फ्यूज टाकू का?
– एक वाचक, पांढुर्णा

उत्तर : मोठा फ्यूज अजिबात टाकू नका. फ्यूज वायरीला वाचवतो. तो मोठा केला की आधी वायर जळते. दोन दिवे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. जुन्या स्विचला हा जादा भार झेपत नाही.

घाबरू नका, चार पायांचा साधा रिले बसवला की काम भागेल. बॅटरीच्या प्लसपासून अडीच चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेचा ३० नंबर. ८७ वरून दिव्यांकडे, ८५ बॉडीला अर्थ. ८६ ला अप्परची वायर, मधे वेगळा स्विच. डिपर मारताच स्पॉटही विझतील. समोरच्याचे डोळे दिपवणं धोक्याचं आणि बेकायदाही. अर्थ घ्याल तिथला रंग, गंज घासून काढा, निम्म्या तक्रारी तिथेच असतात. धुक्यात मात्र स्पॉट बंदच ठेवा.