पान अर्ध्यावर का अडते?

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो, हे तुम्ही ऐकले असेल. हा दुसरा संगणक म्हणजे वेगळी पेटी नव्हे. एका प्रोग्रामने उभे केलेले ते सोंग असते. त्याला आभासी यंत्र म्हणतात. बाहेरच्या खऱ्या संगणकाला आपण यजमान म्हणू आणि आतल्याला पाहुणा.

माझ्या लिनक्स यजमानावर असाच एक पाहुणा होता. एके दिवशी त्याचा ब्राउझर विचित्र वागू लागला. काही संकेतस्थळे चटकन उघडत, काही मात्र कितीही वेळ थांबले तरी उघडत नसत. गंमत अशी, की तीच स्थळे यजमानावर ताबडतोब उघडत! मी ब्राउझर काढून पुन्हा बसवला, तोही दोनदा. श्रम फुकट गेले. रोग न पाहताच मी औषध देत होतो.

मग वही घेऊन बसलो. स्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडतो का? सापडत होता. 'पिंग' ही छोटी हाक जाऊन परत येते का? येत होती. अडणाऱ्या स्थळांशीही संबंध जुळत होता. येत नव्हते ते त्यांचे पहिले मोठे उत्तर. म्हणजे लहान ते जाते, मोठे ते अडते. इथे धागा हाती लागला.

इंटरनेटवरील माहिती पॅकेटांत विभागून जाते. इथरनेटच्या तारेवर एक पॅकेट सामान्यतः १५०० बाइटपर्यंत असते. पण माझ्या यजमानावर त्या दिवशी व्हीपीएन, म्हणजे गुप्त बोगदा, चालू होता. बोगद्यात प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पाकिटात घालावे लागते आणि ते पाकीटही जागा खाते. वायरगार्ड पद्धतीच्या बोगद्यात साधारणपणे १४२० बाइटचेच पॅकेट मावते. त्यातले ४० बाइट पत्ता वगैरे मजकुराचे. म्हणून यजमान संबंध जोडतानाच समोरच्याला बजावतो, "एका वेळी १३८० बाइटच पाठवा." पाहुण्याला बोगद्याची वार्ताच नाही! तो खुशाल १४६० मागतो.

मग १५०० बाइटचे पॅकेट बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी येऊन अडते. त्यावर 'तुकडे करू नयेत' अशी खूण असते, म्हणून ते टाकून दिले जाते आणि पाठवणाऱ्याला 'फार मोठे आहे' अशी चिठ्ठी जाते. चिठ्ठी मिळताच त्याने आकार कमी करायचा, अशी रीत १९९० मध्ये लिहून ठेवलेली आहे. परंतु काही ठिकाणचे फायरवॉल अतिसावधपणे असल्या चिठ्ठ्याच अडवतात. (पहारेकऱ्याने चोराबरोबर पोस्टमनलाही हाकलावे, तसे हे!) बिचारा पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवीत राहतो. जिथे चिठ्ठी पोचते, ती स्थळे उघडतात.

हे ताडून पाहणे सोपे आहे. पिंगला 'तुकडे करू नका' ही खूण लावून तिचा आकार ठरवता येतो. पिंगच्या मजकुराला २८ बाइटचे डोके असते. पाहुण्यातून १४७२ चे पिंग (१४७२ + २८ = १५००) गेले नाही. १३९२ चे गेले, १३९३ चे अडले. १३९२ + २८ किती, ते तुम्हीच करा!

पाहुण्याच्या नेटवर्क कार्डाची मर्यादा १४२० केली. सारी पाने उघडली. योगायोग तर नसेल? पुन्हा १५०० केली. पाने पुन्हा अडली.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात व्हीपीएनशिवायही करता येईल. बाहेरच्या एखाद्या स्थळाला पिंग करा. १४६४ जाते आणि १४६५ अडते असे दिसले, तर तुमची ब्रॉडबँड जोडणी बहुधा पीपीपीओई प्रकारची आहे. तिच्या पाकिटाला ८ बाइट लागतात.