रिव्हेट बसेना? आधी हवा तपासा!



एस.टी.ची एखादी जुनी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गाडी आठवा. तिच्या अंगावर छोट्या छोट्या गोल डोक्यांच्या ओळी दिसत. हे रिव्हेट. विमानाच्या पंखावरही अशाच ओळी असतात, फक्त त्या कितीतरी दाट आणि रेखीव असतात. दोनच माणसे बसतील एवढ्या छोट्या धातूच्या विमानातही दहा हजारांहून अधिक रिव्हेट असतात, आणि घरी विमान बांधणारा माणूस त्यांतील बहुतेक स्वतःच्या हाताने बसवतो.

घरी विमान? होय. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. यादव मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हे विमान लोकांनी पाहिले, 2017 साली त्याची अधिकृत नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत तर सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये विमाने बांधणारे हजारो हौशी लोक आहेत.

या सर्वांच्या हातात एक हत्यार हमखास असते. ते म्हणजे दाबाखालच्या हवेवर चालणारी रिव्हेटची बंदूक. ही बंदूक बिघडते कशी आणि बिघाड शोधायचा कसा, हे आज पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

जोड रिव्हेटचाच का?

पत्रे वेल्डिंगने का जोडत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडेल. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला त्याची ताकद ठरावीक उष्णता देऊन आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जोडाजवळ कमी होते आणि पातळ पत्रा वाकडाही होतो. रिव्हेट थंडच ठोकता येतो. शिवाय प्रत्येक जोड डोळ्यांनी आणि मापाने तपासता येतो.

रिव्हेट म्हणजे एका टोकाला डोके असलेला लहानसा दांडा. तो छिद्रातून घालायचा, डोक्यावर बंदूक टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला पोलादाचा जड ठोकळा धरायचा. या ठोकळ्याला कारागीर बकिंग बार म्हणतात. बंदूक ठोके देते, ठोकळा ऐरणीचे काम करतो आणि दांड्याचे टोक चेपून दुसरे डोके तयार होते. त्याच वेळी दांडा फुगून छिद्र गच्च भरतो.

साडेतीन किलोचे बळ, साडेतीनशे किलोचा ठोका

बंदुकीत एक नळकांडे असते आणि त्यात पोलादी दट्ट्या पुढे-मागे धावतो. घोडा दाबला की हवा झडपेतून दट्ट्याच्या मागे शिरते. दट्ट्या पुढे झेपावतो आणि तोंडाशी बसवलेल्या रिव्हेट-सेटच्या बुंध्यावर आदळतो. तेवढ्यात झडप हवेची वाट बदलते, हवा दट्ट्याच्या पुढच्या बाजूला येते आणि त्याला मागे ढकलते. असे सेकंदाला साधारण तीस-चाळीस वेळा घडते.

आता एक गणित करू. उदाहरणापुरते समजा, नळकांड्याचा आतील व्यास 12 मिलिमीटर आहे. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 1.13 चौरस सेंटिमीटर झाले. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला 3 किलो धरला, तर दट्ट्यावरील बल भरते सुमारे 3.4 किलो. तुमच्या दप्तराचे वजनही याहून जास्त असेल! मग एवढ्याशा बलाने धातू चेपावा कसा?

याचे उत्तर कार्य आणि ऊर्जा या धड्यात आहे. हे बल दट्ट्याला 5 सेंटिमीटर पळवते. झालेले कार्य 3.4 × 5 म्हणजे 17 किलो-सेंटिमीटर. ही सारी ऊर्जा रिव्हेट अर्धा मिलिमीटर, म्हणजे 0.05 सेंटिमीटर, चेपण्यात खर्च झाली, तर सरासरी बल 17 ÷ 0.05 म्हणजे 340 किलो येते. घर्षणात आणि बाहेर जाणाऱ्या हवेत काही ऊर्जा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा लहान असतो. पण युक्ती हीच. लांब अंतरावर मिळवलेली ऊर्जा अगदी थोड्या अंतरात खर्च करायची.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. दाब निम्मा झाला, तर प्रत्येक ठोक्याची ऊर्जाही निम्मी होते. मग काय बिघडले, दुप्पट ठोके देऊ, असे कुणी म्हणेल. येथेच खरा धोका आहे.

तांब्याची एक जाड तार घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली ती लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या. आता ती बोटांनी सहज वाकेल. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवत राहा. ती हळूहळू कडक होईल आणि शेवटी तुटेल. रिव्हेटचेही असेच होते. दुबळ्या बंदुकीचे पुष्कळ ठोके खाल्लेला रिव्हेट पुरता चेपण्याआधीच कडक होतो, त्याच्या कडेला चिरा पडतात, आणि दांडा छिद्रात हवा तसा फुगत नाही. म्हणून कारागिराचा नियम असा की, ठोके थोडे पण पुरेसे जोरकस हवेत. दोन-तीन सेकंदांत रिव्हेट बसला पाहिजे.

पहिला बिघाड: दाब वाटेतच हरवतो

बंदूक मंद चालू लागली की नवखा माणूस लगेच ती खोलायला घेतो. ही घाई नको. आधी हवेच्या वाटेने चालत या.

आमच्या मलकापुरात मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना झाली आणि गावाचे नाव सर्वत्र पोचले. पण जिथे पाणी ठरावीक वेळेस सुटते, तिथला अनुभव तुम्हाला ठाऊक असेल. खालच्या मजल्यावरचे सारे नळ उघडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. नळ बंद असताना मात्र वरही दाब पुरेसा दिसतो. प्रवाह सुरू झाला की घर्षणामुळे दाब वाटेत खर्च होतो.

हवेचेही तसेच आहे. बंदूक बंद असताना दाबमापकावर दिसणारा आकडा फसवा असतो. दाबमापक बंदुकीच्या मुठीजवळ जोडा, सेट टाकाऊ लाकडावर घट्ट टेकवून घोडा दाबा आणि बंदूक चालू असताना काटा पाहा. तो एकदम खाली आला, तर दोष बंदुकीत नसून वाटेत आहे. रबरी नळी बारीक किंवा फार लांब असेल, जोडणीचा तुकडा अरुंद असेल, गाळणी तुंबली असेल किंवा नळी कुठेतरी मुरगळली असेल. वेगाने वाहणाऱ्या प्रवाहात दाबाची घट नळीच्या व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचा, तर घट सुमारे बत्तीस पट! नळी थोडी रुंद घेतली की बंदूक ‘आपोआप’ बरी होते, त्याचे कारण हे.

दुसरा बिघाड: हवेत पाणी

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या टाकीच्या बुडाचा नळ उघडला की तांबूस पाणी फवाऱ्यासारखे बाहेर पडते. टाकीत तर फक्त हवा भरली होती. मग हे पाणी आले कुठून?

पावसाळ्याचा दिवस धरू. तापमान 30 अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता 80 टक्के. 30 अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते. 80 टक्के म्हणजे आपल्या हवेत 24 ग्रॅम बाष्प आहे. ही हवा दाबून तिचा दाब वातावरणाच्या आठ पट केला आणि ती पुन्हा 30 अंशापर्यंत निवली, की तिचे आकारमान एक अष्टमांश होते. तेवढ्या जागेत बाष्प मावते फक्त 30 ÷ 8, म्हणजे सुमारे पावणेचार ग्रॅम. उरलेल्या सुमारे 20 ग्रॅमचे पाणी होते. एक घनमीटर हवेमागे चहाचे चार लहान चमचे पाणी!

हे पाणी बंदुकीत गेले की तेल धुऊन नेते आणि पोलादी नळकांडे व झडप गंजवते. गंजलेली झडप अडकते, आणि बंदूक कधी सुरू होते, कधी होत नाही. उपाय सोपा आहे. रोज काम संपल्यावर टाकीतील पाणी काढा. पाणी वेगळे करणारी गाळणी कॉम्प्रेसरला अगदी चिकटून बसवू नका. तेथे हवा अजून गरम असते आणि पाणी बाष्परूपातच गाळणीतून निसटते. हवा पाइपातून निवत येईल एवढ्या अंतरावर गाळणी बसवा आणि पाइपाला असा उतार द्या की पाणी बंदुकीकडे जाणार नाही.

तिसरा बिघाड: तेल नाही, किंवा चुकीचे तेल

दट्ट्या आणि नळकांडे यांत फट फारच थोडी असते. रोज काम सुरू करताना हवेच्या तोंडातून हवेच्या हत्यारांसाठी मिळणाऱ्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत. मोटारीचे घट्ट तेल वापरू नये. ते धुळीत मिसळून चिकट होते आणि झडप जड चालू लागते. बरेच दिवस पडून राहिलेली बंदूक पहिल्या दाबाला गप्प बसते, ती बहुधा या चिकट थरामुळेच.

अशा वेळी आधी हवेची नळी काढून टाका. मग तोंडातून थोडे रॉकेल सोडा, घोडा दाबून धरा आणि बंदूक पुढे-मागे कलती करून आतला मळ सुटू द्या. रॉकेल निथळू द्या आणि लगेच तेल घाला. हे काम मोकळ्या जागेत, आगीपासून दूर करावे. पेट्रोल कधीही वापरू नये. घोडा सोडल्यावरही मुठीतून फुसफुस आवाज येत असेल, तर घोड्याच्या झडपेखाली कचरा अडकला आहे किंवा तिचे रबरी कडे झिजले आहे असे समजा. कडे बदलले की गळती थांबते.

चौथा बिघाड: आपलीच चूक

सेट कशावरही न टेकवता घोडा दाबणे ही सर्वांत वाईट सवय. ठोक्याची ऊर्जा घ्यायला समोर रिव्हेट नसतो, म्हणून ती बंदुकीचे तोंड आणि सेट धरून ठेवणारी स्प्रिंग यांना घ्यावी लागते. स्प्रिंग तुटली तर सेट गोळीसारखा सुटतो. म्हणून बंदूक कोणाकडेही रोखू नका, सेट बदलताना हवा तोडा, आणि काम करताना डोळ्यांवर चष्मा व कानांवर संरक्षक असू द्या.

कधी रिव्हेटच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो. याचा अर्थ सेट तिरपा टेकला, किंवा त्याची वाटी झिजली किंवा चुकीच्या मापाची आहे. दुसरे डोके एका बाजूला कलले, तर बकिंग बार तिरपा धरला होता. हे दोष बंदूक खोलून जाणार नाहीत.

निकाल कोण देणार?

बंदूक बरी झाली की नाही, हे तिच्या आवाजावरून ठरवू नका. टाकाऊ पत्र्याच्या दोन तुकड्यांत चार-पाच रिव्हेट बसवा आणि मोजा. चेपलेल्या डोक्याचा व्यास दांड्याच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी. दांडा 3.2 मिलिमीटरचा असेल, तर डोके सुमारे 4.8 मिलिमीटर रुंद आणि 1.6 मिलिमीटर उंच. डोके अरुंद आणि उंच राहिले तर ठोका कमी पडला. फार पसरट व पातळ झाले तर तो जास्त झाला. त्याप्रमाणे दाब थोडा थोडा बदला. हे जमले की मगच खऱ्या पंखाला हात लावा.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी? 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एका बोइंग 737 विमानाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छत उड्डाणात उडून गेले. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाची सुमारे 90 हजार उड्डाणे झालेली होती. पत्र्यांच्या जोडातील चिकटवण सुटली होती, भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या छिद्रांपासून निघालेल्या सूक्ष्म भेगा एकमेकींना मिळाल्या. तेथे दोष रिव्हेटच्या बंदुकीचा नव्हता. पण रिव्हेटांच्या एका ओळीवर किती माणसांचा भार असतो आणि बारीक दोष किती काळ दिसत नाहीत, हे त्या घटनेने दाखवले.

म्हणून क्रम पाठ ठेवा. आधी दाब, मग पाणी, मग तेल, मग आपला हात, आणि या साऱ्यांतून काही सापडले नाही तरच पान्हा घेऊन बंदूक खोलायची. सायकलचा पंप असो, शेतातील फवारणीयंत्र असो की प्रयोगशाळेतील उपकरण असो, बिघाड शोधण्याची ही रीत सर्वत्र उपयोगी पडते.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. हिवाळ्याच्या सकाळी तापमान 15 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर वरच्याप्रमाणेच आठ पट दाबलेल्या आणि पुन्हा 15 अंशाला निवलेल्या एक घनमीटर हवेतून किती पाणी निघेल? (15 अंशाला एक घनमीटर हवा सुमारे 13 ग्रॅम बाष्प धरते.) आणि बकिंग बार जड का असावा, हलका असला तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना न्यूटनचे नियम हाताशी ठेवा.