पार्किंग व इंडिकेटरचे बल्ब : आधी दुरुस्ती, मग बदल

सांगोल्याला मिरज, मंगळवेढा आणि पंढरपूर या तिन्ही बाजूंनी रात्रंदिवस वाहने येतात. डाळिंबाच्या हंगामात मालाच्या गाड्या, गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. अशा रस्त्यावर इंडिकेटर आणि पार्किंग लाईट हे गाडी चालविणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्याच्या उपयोगाचे असतात. ही कामे करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आणि सुटे भाग विकणारे दुकानदार आमच्या वाचकांत बरेच आहेत. "लाईट मंद पडतो, एलईडी टाकून द्या" ही मागणी त्यांच्याकडे रोजच येते. ती पुरी करताना काय पाहावे, हे या लेखात सांगत आहोत.

मंद प्रकाशाचे कारण शोधा

पुष्कळदा बल्ब चांगला असतो. खराब असते ती अर्थ. होल्डरला गंज चढतो, अर्थच्या वायरीखाली माती व रंग साचतो आणि बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. साध्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून लाईट चालू ठेवून बॅटरीवर आणि होल्डरवर मीटर लावावा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला, तर आधी होल्डर घासून अर्थ नीट आवळावी. काच आतून पिवळी वा धुळकट झाली असल्यास तीही पुसावी. पाच मिनिटांच्या या कामात बल्ब खपत नाही, मजुरी तेवढी मिळते. पण गंजक्या होल्डरात बसवलेला महागडा बल्ब आठवड्यात बंद पडला, की गिऱ्हाईक बल्बला नव्हे, दुकानाला नावे ठेवते. लहान गावात ही गोष्ट लवकर पसरते.

पार्किंग लाईट : बदल फायद्याचा

मोटारीत पार्किंगचा बल्ब बहुधा १२ व्होल्ट, ५ वॅटचा असतो. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक मिळून २५ वॅट, म्हणजे सुमारे दोन अँपिअर. लिलावाची वाट पाहत गाडी दहा तास पार्किंग लावून उभी राहिली, तर २० अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सकाळी सेल्फ मारायला कुरकुरणारच. एक वॅटचे एलईडी बसविले, तर तोच खर्च चार अँपिअर-तासांवर येतो. येथे बदल करणे योग्य होय.

एलईडीत प्रवाह एकाच दिशेने जातो. बसवून लागला नाही, तर फेकून न देता काढून उलटा लावून पाहावा. रंगाबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ स्पष्ट आहेत. पुढचा पार्किंग लाईट पांढरा किंवा पिवळसर नारिंगी, मागचा लाल. निळे दिवे गिऱ्हाईकाने मागितले तरी नाकारावेत.

इंडिकेटर : येथे घाई नको

इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर घेणारा. एलईडी त्याच्या काही अंशच प्रवाह घेतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल, तर त्याला बल्ब उडाला असे वाटते व तो दुप्पट वेगाने लुकलुकतो. जुना तापणारा फ्लॅशर असेल, तर तो लुकलुकतच नाही. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून मोजून पाहावे.

यावर बाजारात दोन उपाय मिळतात. पहिला, ६ ओहमचा रेझिस्टर. तो वीज खाऊन बल्बचे सोंग आणतो. त्यामुळे विजेची बचत काहीच होत नाही आणि तो इतका तापतो की प्लॅस्टिक वितळते. बसवायचाच, तर पत्र्यावर स्क्रूने बसवावा. वायरींच्या जुडग्याला बांधू नये. दुसरा आणि बरा उपाय म्हणजे एलईडीसाठी बनविलेला फ्लॅशर. मात्र अलीकडच्या कित्येक मोटारींत वेगळा फ्लॅशर नसतो, ते काम संगणकीय पेटी करते. अशा गाडीत साधा बल्बच ठेवावा. वायर कापल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

नारिंगी काचेमागे पांढरा एलईडी बसवू नये. त्याच्या प्रकाशातील निळा भाग काच अडवते आणि दिवा फिका दिसतो. तेथे नारिंगी एलईडीच हवा. स्वच्छ काचेत साधा बल्ब ठेवायचा असेल, तर तो नारिंगी रंगाचा घ्यावा. त्याच्या दोन पिना समोरासमोर नसतात. पांढरा बल्ब तेथे बसू नये म्हणून ही योजना आहे. पीन घासून तो बसविण्याची युक्ती करू नये. २१ वॅटच्या जागी जास्त वॅटचा बल्बही घालू नये. होल्डर व काच वितळते.

काम झाल्यावर

गाडी देण्यापूर्वी दिवसा उन्हात आणि रात्री अंधारात, वीस पावले मागे जाऊन पाहावे. इंडिकेटर, ब्रेक आणि पार्किंग एकाच वेळी लावून प्रत्येक दिवा वेगळा ओळखू येतो का, हे तपासावे. काढलेला जुना बल्ब गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा आणि काय बदलले, काय नुसते साफ केले, ते बिलावर वेगवेगळे लिहावे. उसाच्या ट्रॉलीमागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव या दिव्यावर अवलंबून असतो, हे बल्ब निवडताना ध्यानात असू द्यावे.