कोलंबियाचे दार आणि दारापर्यंतची वाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा पाठ शिकवीत असता इयत्ता नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. ‘सर, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले हे आम्ही लहानपणापासून वाचतो. परंतु सातासमुद्रापलीकडच्या एका मुलाला त्या विद्यापीठाने घेतले कसे? तिथला प्रमुख कोण होता?’ त्या दिवशी मी त्याला केवळ नाव सांगू शकलो. इतिहासाच्या शिक्षकाने एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. जो प्रवास करतो त्याचे चरित्र आपण लिहितो. ज्या दारातून तो आत जातो, ते दार कोणी व कशासाठी उघडे ठेवले, याचा शोध मात्र क्वचितच घेतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या विद्यार्थ्याचे राहिलेले उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

विद्यापीठाचा प्रमुख

बाबासाहेब १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर हे होते. अमेरिकेत विद्यापीठाच्या अध्यक्षाचे स्थान आपल्याकडील कुलगुरूसारखे असते. बटलर यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सी राज्यात झाला. १८८४ साली त्यांनी कोलंबियातूनच तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर बर्लिन व पॅरिस येथे अध्ययन केले. परदेशातील या विद्यार्थिदशेने त्यांच्या विचारांना कायमचे वळण दिले, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणता येते. शिक्षकांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळावे म्हणून न्यूयॉर्कमध्ये जी संस्था उभी राहिली आणि पुढे ‘टीचर्स कॉलेज’ या नावाने जगभर ओळखली गेली, तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९०२ साली ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९४५ पर्यंत, म्हणजे तब्बल त्रेचाळीस वर्षे, त्या पदावर राहिले.

विद्यापीठ हे एका शहराचे किंवा एका राष्ट्राचे नसून जगाचे असावे, हा त्यांच्या कारकिर्दीचा मध्यवर्ती विचार होता. तो केवळ भाषणापुरता राहिला नाही. १९०६ पासून कोलंबिया आणि बर्लिन यांच्यात प्राध्यापकांची देवाणघेवाण सुरू झाली. अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने १९१० साली आंतरराष्ट्रीय शांततेसाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला. त्यासाठी त्यांचे मन वळविणाऱ्यांत बटलर होते. या निधीतून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या शिक्षणविषयक विभागाची धुरा प्रारंभापासून त्यांच्याकडे होती आणि १९२५ ते १९४५ या काळात ते त्या संस्थेचे अध्यक्षही होते. पहिल्या महायुद्धाचा नरसंहार संपताच, १९१९ साली, एलिहू रूट आणि स्टीफन डगन यांच्यासह त्यांनी ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’ ही संस्था स्थापन केली. एकमेकांच्या देशांत शिकलेली माणसे एकमेकांविरुद्ध सहजासहजी शस्त्र उचलणार नाहीत, ही तिच्यामागील श्रद्धा. अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशावर कठोर मर्यादा घातल्या, तेव्हा याच संस्थेच्या प्रयत्नांमुळे १९२१ साली विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवेशपरवान्याची सोय झाली. आज आपला एखादा विद्यार्थी ‘स्टुडंट व्हिसा’ घेऊन अमेरिकेला जातो, त्या सोयीचे मूळ इतके जुने आहे. १९३१ साली जेन अ‍ॅडम्स यांच्यासह बटलर यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या दारातून आत गेलेले

या धोरणाचे फळ कोणाकोणास मिळाले, हे पाहणे बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेतील झुलू तरुण पिक्सली सेमे १९०६ साली कोलंबियाचा पदवीधर झाला. मायदेशी परतल्यावर, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेच्या स्थापनेत त्याने अग्रभाग घेतला. चीनचे वेलिंग्टन कू यांनी १९१२ साली तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९१९ च्या पॅरिस परिषदेत आपल्या देशाची बाजू मांडली. चीनमधील बोलीभाषेच्या साहित्यचळवळीचे अध्वर्यू हू शी यांनी तेथेच जॉन ड्युई यांच्या हाताखाली अध्ययन केले.

आणि याच मालिकेत, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर, महू येथे जन्मलेला आणि मुंबईच्या परळमधील चाळीत अभ्यास केलेला एक तरुण होता. त्याने घेतलेल्या अभ्यासक्रमांची गणना अभ्यासकांनी केली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५, यांखेरीज मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र वेगळे. तीन वर्षांत एवढे शिकणारा विद्यार्थी किती तास झोपला असेल, याचा विचार आपल्या वसतिगृहातील प्रत्येकाने करावा. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे ड्युई, इतिहासाचे रॉबिन्सन व शॉटवेल हे त्यांचे गुरू. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने त्यांना मायदेशी वर्गात वेगळे गोणपाटावर बसविले, तिचीच शास्त्रीय चिकित्सा त्यांनी परदेशातील विद्वानांसमोर केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बटलर यांनी बाबासाहेबांसाठी वैयक्तिकरीत्या काही केले, असे दाखविणारा पुरावा माझ्या वाचनात नाही आणि तसे सांगण्याची गरजही नाही. चांगल्या संस्थाप्रमुखाचे कार्य एखाद्या व्यक्तीवर उपकार करणे हे नसते. अनोळखी विद्यार्थी आला, तर त्याला कोणाची कृपा न मागता वर्गात बसता यावे, अशी व्यवस्था निर्माण करणे हे त्याचे कार्य असते. कोलंबियात बाबासाहेबांना कोणी जात विचारून बाकावर बसविले नाही.

नाण्याची दुसरी बाजू

तथापि इतिहासाचा विद्यार्थी व्यक्तिपूजा करीत नाही. स्वतः बाबासाहेबांनी आपल्याला विभूतिपूजेपासून सावध केले आहे. म्हणून बटलर यांच्या चरित्राची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरताच, शांततेचा पुरस्कार करणाऱ्या याच अध्यक्षांनी विद्यापीठातील युद्धविरोधी मतांवर निर्बंध घातले. त्या वर्षी कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले. विख्यात इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. पुढे रॉबिन्सनही विद्यापीठ सोडून गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात प्रवेशअर्जात धर्म विचारणे, छायाचित्र मागविणे, मुलाखती घेणे अशा युक्त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या घटविण्यात आली. हे बहुतांशी न्यूयॉर्कमधील गरीब स्थलांतरितांची हुशार मुले होती. १९३३ च्या अखेरीस नाझी जर्मनीच्या राजदूताला विद्यापीठात भाषणासाठी सन्मानाने बोलाविण्यात आले. १९३६ साली, जेथून ज्यू प्राध्यापकांना हाकलून देण्यात आले होते त्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ५५० व्या वर्धापनदिनास कोलंबियाने प्रतिनिधी पाठविला; त्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या रॉबर्ट बर्क या विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आले.

दूरदेशीच्या विद्यार्थ्यासाठी दार उघडणारा माणूस आपल्याच शहरातील वंचित मुलासाठी ते अर्धे लोटून घेतो, या विसंगतीचा अर्थ काय? माझ्या मते अर्थ असा, की समतेवाचून आंतरराष्ट्रीयता अपुरी आहे. राष्ट्राराष्ट्रांतील प्रतिष्ठितांनी एकमेकांशी हस्तांदोलन करावे एवढाच तिचा आशय राहिला, तर ती शिष्टाचार ठरते. मैत्री ठरत नाही. तथागतांनी शिकविलेली मैत्री दूरच्या आणि जवळच्या माणसात भेद करीत नाही. बटलर यांच्याकडून योजकता आणि चिकाटी घ्यावी. मैत्रीचा धडा मात्र बुद्धाकडूनच घ्यावा लागेल.

बाबासाहेबांनी तो घेतला होता. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा आणि भिक्खू नागसेन यांच्याशी त्याचा झालेला संवाद बौद्ध परंपरेत अमर आहे. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून अनवाणी आलेल्या मुलांच्या महाविद्यालयाला परदेशी जिज्ञासूचे नाव असावे, यात आंतरराष्ट्रीय शिक्षणाची संपूर्ण व्याख्या सामावली आहे. प्रश्न विचारणारा कोठला, हे पाहू नये, प्रश्न पाहावा.

दारापर्यंतची वाट

उघडे दार पुरेसे नसते. तेथवर पोहोचण्याची वाट लागते आणि ती शिष्यवृत्तीनेच बांधली जाते. कोलंबियाचे दार बटलर यांच्या काळात उघडे होते. परंतु सयाजीरावांची शिष्यवृत्ती नसती, तर ते बाबासाहेबांच्या उपयोगी पडले नसते. ही जाणीव ठेवूनच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयकडे दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली होती.

आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या जागा ७५ आहेत. मात्र २०२२ साली केंद्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. हे विषय देशातच शिकता येतात, असा युक्तिवाद करण्यात आला. आता बाबासाहेबांच्या कोलंबियातील लेखनाचे विषय आठवा: प्राचीन भारताचा व्यापार, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था, भारताचा राष्ट्रीय लाभांश, भारतातील जाती. या कसोटीवर १९१३ चा भीमराव आंबेडकर आज त्या शिष्यवृत्तीस पात्र ठरला असता काय? आपला देश दुरून पाहण्याची, त्याच्याविषयी जगाच्या व्यासपीठावर निर्भयपणे बोलण्याची संधी ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांच्याच वाटेवर हा अडसर आहे. तो दूर व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने बोलत राहणे हे आपले कर्तव्य आहे.

परंतु अडसर आहे म्हणून वाट सोडायची नसते. माझ्या अनुभवात, आपली हुशार मुले गुणांअभावी मागे राहत नाहीत, कागदाअभावी राहतात. जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेवर काढलेले नसते, उत्पन्नाचा दाखला जुना असतो, पासपोर्ट नसतो, इंग्रजीची परीक्षा देण्याचे धैर्य होत नाही, आणि अर्जाची मुदत टळून गेल्यावर योजनेची माहिती कळते. आठवीपासून रोज एक पान इंग्रजी लिहिणे, बारावीपूर्वी सर्व दाखले एका फाईलमध्ये जमविणे आणि पदवीच्या पहिल्याच वर्षी शिष्यवृत्तीचे नियम वाचून ठेवणे, एवढे तरी आपल्या निवासी शाळेतून सुरू व्हावे. आपले जे माजी विद्यार्थी पुढे गेले आहेत, त्यांनी दरवर्षी किमान एका मुलाचा अर्ज स्वतः बसून भरून द्यावा. वाट बांधणे याहून वेगळे नसते.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही पदवी दिली. तोवर बटलर यांचे निधन होऊन साडेचार वर्षे लोटली होती. ज्याच्या कारकिर्दीत हा विद्यार्थी आत आला, त्याला तो भारतीय संविधानाचा शिल्पकार म्हणून परतलेला पाहता आला नाही. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा हेच येते. आपण दार उघडून ठेवतो. त्यातून कोण येणार आणि काय होऊन परत येणार, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणूनच येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ते सारखेच उघडे असले पाहिजे.

नववीच्या त्या विद्यार्थ्याला एवढे उत्तर पुरे होईल, अशी आशा आहे. पुढचा प्रश्न त्याने कोलंबियाच्या वर्गात विचारावा.

नमो बुद्धाय! जय भीम!