परिचारिकेचे संशोधन आणि रुग्णाचे प्राण

आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थिनी बारावीनंतर परिचर्येचा अभ्यासक्रम निवडतात. नोकरी लवकर लागते, घराला आधार होतो. हे कारण रास्तच आहे. परंतु बहुतेकींचे शिक्षण तेथेच थांबते. ‘नर्सला पीएच.डी. कशाला?’ असे पालकच नव्हे, शिक्षकही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

क्रिमियन युद्धात (१८५३-५६) ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक दगावले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल केवळ शुश्रूषा करून थांबल्या नाहीत. त्यांनी मृत्यूंची महिनावार व कारणवार मांडणी केली आणि त्यांपैकी बरेच टाळता आले असते, हे आकृतीद्वारे शासनापुढे ठेवले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. सेवेसोबत मोजणी करण्याची ही परंपरा पुढे विद्यापीठीय संशोधनाने विस्तारली.

अमेरिकेतील लिंडा एकन यांचे उदाहरण पाहा. परिचारिका म्हणून काम केलेल्या या विदुषीने समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के वाढलेली आढळली. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही तोच कल दिसला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असल्यास ही शक्यता सुमारे ७ टक्के कमी आढळली.

असे अभ्यास संबंध दाखवितात. केवळ त्यावरून कारण सिद्ध होत नाही. म्हणूनच संशोधकांनी रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाचा आकार यांतील फरक हिशेबात घेतले. संबंधामागील तर्क मात्र सरळ आहे. नाडी, श्वास, शुद्ध यांतील बारीक बदल प्रथम परिचारिकेच्या नजरेस येतो. तिच्यावर रुग्णांचा भार अधिक असेल, तर ती नजर उशिरा पोहोचते.

वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला हे अनुभवाने ठाऊक असते. तथापि पुराव्यावाचून तिचे म्हणणे गाऱ्हाणे ठरते. पुरावा जोडला, की तेच धोरणाचा आधार बनते. संशोधनाचे प्रयोजन हेच आहे.

भारतात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. आज पीएच.डी.चे दारही खुले आहे. तेव्हा विद्यार्थिनींनो, रुग्णसेवा जरूर करा. पण वॉर्डात जे वारंवार खटकते, त्याची तारखेनिशी नोंद ठेवा. कोणत्या पाळीत किती रुग्ण होते, कोणाची प्रकृती केव्हा बिघडली, हे लिहा. उद्याच्या प्रबंधाचे पहिले पान त्याच वहीत असेल.